मराठीतून वेबसाइट बनवायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: रेकॉर्डिंगच्या आधी काय करावे

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सात वर्षे नागपुरात स्वतंत्रपणे वेबसाइटची कामे करता, आता मराठीतून वेबसाइट बनवायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स काढण्याचे ठरवले आहे, आणि चार गोष्टी विचारल्या आहेत: आधी चाळीस तासांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवावेत का, कोर्स कोणत्या प्लॅटफॉर्मवर टाकावा, फी किती ठेवावी, आणि एआय काही मिनिटांत वेबसाइट तयार करून देत असताना हे शिकायला कोणी येईल का. मी चौदा वर्षे नागपुरातच हा विषय शिकवते आहे. आधी धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत दहा संगणक मांडून, आणि २०२० पासून बहुतांशी ऑनलाइन. ज्या चुका मी स्वतः केल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत असे मनापासून वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुमच्या चारही प्रश्नांमध्ये व्हिडिओ, प्लॅटफॉर्म, फी आणि बाजार यांचा विचार आहे. विद्यार्थी अडला तर काय, याचा विचार अजून आलेला नाही. माझ्या अनुभवात ऑनलाइन कोर्स तरतो किंवा बुडतो तो नेमका याच ठिकाणी. वर्गात एखादा विद्यार्थी अडला की त्याचा चेहरा दिसतो, मी मागे जाऊन उभी राहते आणि अर्ध्या मिनिटात चूक सापडते. ऑनलाइन कोर्समध्ये तोच विद्यार्थी रात्री साडेदहाला, घरातले झोपल्यावर, जुन्या लॅपटॉपसमोर एकटा बसलेला असतो. तो अडला हे आपल्याला कळतही नाही, आणि त्याला वाटते की हा विषय आपल्या आवाक्यातला नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्या पहिल्या ऑनलाइन बॅचमध्ये उमरेडच्या एक ताई होत्या. त्या खानावळ चालवतात आणि डब्यांची माहिती देणारे पान त्यांना स्वतः बनवायचे होते. पहिल्या धड्यात मी नोटपॅडमध्ये चार ओळींचे एचटीएमएल (टॅग नावाच्या खुणांनी वेबपान लिहिण्याची भाषा) लिहायला सांगितले, फाइलला इंडेक्स डॉट एचटीएमएल असे नाव द्यायला सांगितले आणि ती उघडायला सांगितली. त्यांची फाइल ब्राउझरमध्ये उघडेचना. डबल क्लिक केले की पुन्हा नोटपॅडच उघडायचे. तीन दिवस त्यांनी तेच पान चार वेळा नव्याने टाइप केले, प्रत्येक अक्षर माझ्या व्हिडिओशी ताडून पाहिले, आणि चौथ्या दिवशी मला निरोप पाठवला की मॅडम, माझ्याच्याने हे होणार नाही, माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. प्रत्यक्षात त्यांचा कोड अगदी बरोबर होता. नोटपॅडने त्यांच्या नकळत नावाच्या शेवटी टीएक्सटी जोडले होते, आणि विंडोज फाइलचे शेवटचे अक्षरगट मुळातच लपवून ठेवत असल्यामुळे त्यांना ते दिसत नव्हते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण केली, नाव दुरुस्त केले, आणि पान उघडले. काम एका मिनिटाचे होते. ते एक मिनिट मिळाले नसते तर त्या कायमच्या निघून गेल्या असत्या, आणि दोष स्वतःला देत गेल्या असत्या.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. कोण, कोणत्या धड्यात, कोणत्या ओळीवर अडले आणि ते कसे सुटले, एवढेच त्यात लिहायचे. आज माझा कोर्स ज्या क्रमाने चालतो तो क्रम कोणत्याही अभ्यासक्रमातून घेतलेला नाही, तो त्या वहीतून आलेला आहे. फाइल एक्स्टेन्शन दाखवणे हा आता माझ्या पहिल्या धड्याचा पहिला भाग आहे, एचटीएमएलच्याही आधीचा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आधी सगळे व्हिडिओ रेकॉर्ड करू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन, कारण मी तसे करून पाहिले आहे. २०१८ च्या पावसाळ्यात मी वर्डप्रेसवर, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर, बावन्न व्हिडिओ केले. त्यांतले वीसेक व्हिडिओ पान कसे लिहायचे, चित्र कुठून टाकायचे, कोणते बटण कुठे आहे, असे पडदा दाखवणारे होते. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसची ५.० आवृत्ती आली आणि लिहिण्याची जुनी चौकट जाऊन ब्लॉक एडिटर आला. माझ्या व्हिडिओत एक पडदा आणि विद्यार्थ्यासमोर दुसराच पडदा, अशी स्थिती झाली. जुना एडिटर प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून परत आणता येत होता, पण ज्याला प्लगिन म्हणजे काय हेच अजून शिकायचे आहे त्याला पहिल्या दिवशी हे सांगणे म्हणजे दारातच अडवण्यासारखे होते. महिनाभरात ते वीस व्हिडिओ मला काढून टाकावे लागले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांच्यातले निम्म्याहून अधिक जण त्या वेळेपर्यंत तिसऱ्या धड्याच्या पुढे गेलेलेच नव्हते. म्हणजे जे व्हिडिओ मी मान मोडून तयार केले, ते जुने होण्याआधी पाहिलेही गेले नव्हते.

यातून मी एक भेद करायला शिकले, तो तुम्हालाही उपयोगी पडेल. आपल्या विषयात काही गोष्टी वर्षानुवर्षे टिकतात आणि काही सहा महिन्यांत बदलतात. टॅग म्हणजे काय, पान आणि सर्व्हर (पान पुरवणारा संगणक) यांचे नाते काय, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (तिच्या फाइली ठेवण्याची जागा) यांत फरक काय, सीएसएसमध्ये (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत) एका पेटीच्या आत दुसरी पेटी कशी बसते, हे बदलत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिली वेबसाइट खुली केली. तिथल्या दुव्याचा टॅग आज आपण लिहितो तोच आहे. याउलट होस्टिंग कंपनीचा डॅशबोर्ड, एडिटरचे मेनू, पैसे भरण्याचा पडदा हे सतत बदलत राहते. टिकणारे तेवढे रेकॉर्ड करा. बदलणारे थेट वर्गात दाखवा, किंवा तीन-चार मिनिटांच्या सुट्या तुकड्यांत ठेवा, म्हणजे एक तुकडा बाद झाला तर तेवढाच बदलता येतो.

पहिली बॅच थेट घ्या, लहान घ्या, आणि तिच्यासाठी एकही व्हिडिओ आधी करू नका. दहा ते पंधरा जण, आठ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा दीड-दीड तास, आणि आठवड्यातून सहा रात्री ठरावीक एक तास फक्त शंकांसाठी. तो शंकांचा तास हाच मुख्य कोर्स आहे असे समजून चाला. दर वेळी रेकॉर्डिंग सुरू ठेवा, कारण पुढच्या बॅचसाठी टिकाऊ व्हिडिओ करताना कोणता मुद्दा किती वेळा समजावावा लागला हे त्यातून समोर येते. दुसऱ्या बॅचनंतर रेकॉर्ड केलेले धडे आणि थेट शंकानिरसन अशी विभागणी करता येते. मी सध्या तेच करते.

हे सगळे तुम्ही कोणाला शिकवणार यावर पुष्कळ अवलंबून आहे, हे मान्य करते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे असेल तर त्यांना एचटीएमएलची तोंडओळख असते. त्यांना गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारे साधन), जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी भाषा) आणि मुलाखतीत दाखवता येईल असे काम हवे असते, आणि ते नागपूरच्याच मिहान प्रकल्पातल्या किंवा पुण्यातल्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. तो कोर्स वेगळा. एमएस-सीआयटी झालेल्या आणि त्यानंतर संगणकाला फारसा हात न लागलेल्या गृहिणींचा कोर्स वेगळा. दुकानदाराला शिकायचे नसते, त्याला वेबसाइट हवी असते. तो कोर्सला आला तरी दुसऱ्या आठवड्यात तुम्हालाच काम देऊन मोकळा होतो. यांना एकाच बॅचमध्ये बसवले तर कोणालाच न्याय मिळत नाही.

माझ्याकडे सर्वांत चिकाटीने टिकलेले आणि शिकून लगेच कमावायला लागलेले विद्यार्थी म्हणजे डीटीपीवाले. महाल, इतवारी, सीताबर्डी इथल्या छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे कोरलड्रॉवर लग्नपत्रिका, हँडबिले, व्हिजिटिंग कार्डे करणारी ही माणसे आहेत. पानावर मोकळी जागा किती सोडायची, कोणत्या रंगावर कोणते अक्षर उठून दिसते, ग्राहक तीन वेळा दुरुस्ती सांगतो तेव्हा काय करायचे, हे त्यांना आपल्याहून चांगले कळते. आणि ग्राहक त्यांच्या दुकानात रोज येतच असतात. तुमची ओळख अशा लोकांत असेल तर पहिली बॅच त्यांच्यातूनच भरा.

मात्र त्यांच्याबरोबर एक अडचण हमखास येते आणि ती तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असेल. ही मंडळी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करतात. तिथे टाइप केलेला मजकूर कॉपी करून वेबपानावर टाकला की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि विद्यार्थी म्हणतो की ब्राउझर बिघडला. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे नुसते चित्र बसवलेले असते. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच राहतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. हा फरक फळ्यावर अर्धा तास देऊन समजावा, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरायला शिकवा, आणि पानाच्या वरच्या भागात यूटीएफ-८ ची, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे हे ब्राउझरला सांगणारी, ओळ लिहायची सवय लावा. मराठी पाने बनवणाऱ्याला आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकाच्या अक्षरांत जागा सोडण्याची जी आज्ञा असते ती देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे दिसतात. ती आज्ञा शून्यावर आणावी लागते. आणि दोन ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. मी ते साधारण १.६ ते १.८ पट ठेवायला सांगते. इंग्रजी आणि हिंदीत वेबसाइट शिकवणारे हजारो व्हिडिओ फुकट आहेत, पण मराठी पान नीट कसे दिसावे हे शिकवणारे फार थोडे. तुमच्या कोर्सला स्वतःचे काही हवे असेल तर ते इथे आहे.

भाषेबद्दलही एक सांगते, कारण मराठीतून शिकवायचे म्हटले की पहिल्या उत्साहात आपण प्रत्येक संज्ञेला मराठी प्रतिशब्द शोधायला लागतो. मीही तसे केले होते. विद्यार्थ्याला एरर मात्र इंग्रजीतच दिसते आणि तिथे आपला प्रतिशब्द नसतो. म्हणून टॅग, मार्जिन, पॅडिंग, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवा आणि समजावणे मात्र पूर्णपणे आपल्या जगातले असू द्या. बॉक्स मॉडेल शिकवताना मी कळमन्याच्या बाजारातली संत्र्यांची जुनी लाकडी पेटी काढते. आतली संत्री म्हणजे मजकूर, संत्री आणि फळी यांच्यामधला पेंढा म्हणजे पॅडिंग, फळी म्हणजे बॉर्डर, आणि एका पेटीपासून दुसरी पेटी जेवढ्या अंतरावर ठेवली तेवढे मार्जिन. पेंढा वाढवला तर पेटी फुगते, मार्जिन वाढवले तर शेजारची पेटी सरकते. हे एकदा समजले की मार्जिन आणि पॅडिंगची गल्लत पुन्हा होत नाही. एरर आली की ती मोठ्याने वाचायला लावा, शब्दागणिक, आणि अर्थ मराठीत सांगायला लावा. इंग्रजीची भीती जाते ती याच सरावाने.

वहीतली आणखी एक नोंद सांगण्यासारखी आहे, कारण ती जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येते. विद्यार्थ्याच्या घरी पान उत्तम दिसते, गिटहब पेजेस या मोफत होस्टिंगवर चढवले की चित्रे गायब होतात. फोटोच्या फाइलच्या नावात शेवटी जेपीजी मोठ्या अक्षरांत असते आणि कोडमध्ये लहान अक्षरांत लिहिलेले असते. विंडोज हा फरक मानत नाही, सर्व्हर मानतो. पहिल्याच आठवड्यात सर्व फाइलींची नावे लहान अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवण्याचा नियम करा. कारण न सांगता नियम केला तर तो पाळला जात नाही, म्हणून एकदा चित्र मुद्दाम गायब करून दाखवा.

दुसरा प्रश्न प्लॅटफॉर्मचा. पहिल्या बॅचसाठी कोणताही प्लॅटफॉर्म घेऊ नका. थेट वर्गासाठी झूम किंवा गूगल मीट, गृहपाठासाठी गूगल क्लासरूम, शंकांसाठी व्हॉट्सअॅपचा एक गट, आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर अनलिस्टेड (ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसेल असे), एवढे पुरते. झूमच्या मोफत योजनेत बैठक चाळीस मिनिटांत तुटते आणि गूगल मीटची गटबैठक एका तासात, त्यामुळे दीड तासाच्या वर्गासाठी दोघांपैकी एकाची सशुल्क योजना घ्यावी लागेल. तो खर्च फीमध्ये धरा. पुढे स्वतःची व्यवस्था हवी झाली तर मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवण्याचे मोफत आणि २००२ पासून चालत आलेले सॉफ्टवेअर तुमच्यासारख्या वेबसाइटवाल्याला स्वतःच्या होस्टिंगवर बसवता येते. युडेमीसारख्या कोर्सच्या ऑनलाइन बाजारपेठेत कोर्स टाकण्यात गैर काही नाही, पण तिथल्या सवलतींमुळे किंमत आपल्या हातात राहत नाही, त्यांनी आणलेल्या ग्राहकाच्या फीतला ३७ टक्केच वाटा आपल्याला मिळतो, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याशी थेट संबंध राहत नाही. अडलेल्या माणसापर्यंत पोहोचणे हेच आपले काम आहे असे मानले, तर तो संबंध सोडणे मला परवडत नाही.

रेकॉर्डिंगच्या साधनांबद्दल तुम्ही कॅमेऱ्याचा उल्लेख केला होता. कॅमेऱ्यावर खर्च करू नका, तो पैसा माइकवर करा. बहुतेक विद्यार्थी धडा मोबाइलवर पाहतात आणि हात लॅपटॉपवर ठेवतात, म्हणून एडिटरमधले अक्षर इतके मोठे करा की सहा इंची पडद्यावर कोडची प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे. तुमच्या मोठ्या मॉनिटरवर ते बटबटीत वाटेल, वाटू द्या. आणि नागपूरकर म्हणून एक सूचना: रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना कूलर बंद ठेवून बंद खोलीत बसवत नाही, आणि कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर प्रत्येक वाक्याच्या मागे ऐकू येते. मी एक पूर्ण उन्हाळा पहाटे पाचला उठून रेकॉर्डिंग केले आहे. थेट वर्गासाठी राउटर यूपीएसवर ठेवा. वळवाच्या वाऱ्यात वीज गेली तरी वर्ग तुटू नये.

तिसरा प्रश्न फीचा. इतर कोर्स किती घेतात यावरून फी ठरवू नका. तुमचे तास मोजा. वर सांगितलेल्या बॅचचा हिशेब करून दाखवते. आठ आठवड्यांत सोळा वर्ग म्हणजे चोवीस तास, तेवढाच वेळ तयारीला, आणि शंकांचा तास आठवड्यातून सहा दिवस धरला तर अठ्ठेचाळीस तास. एकूण शहाण्णव तास. पंधरा विद्यार्थी आणि प्रत्येकी ४,५०० रुपये धरले तर ६७,५०० रुपये जमा होतात. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन फी जमा करून देणाऱ्या सेवेचे) साधारण दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून सोळाशेच्या आसपास जातात. उरलेल्या रकमेला शहाण्णवने भागले तर तासाला सुमारे ६८५ रुपये पडतात. हा आकडा तुमच्या सध्याच्या कामाच्या तासाच्या मोबदल्याशी ताडून पाहा. तो कमी वाटला तर फी वाढवा किंवा विद्यार्थी वीस करा, पण शंकांचे तास कमी करू नका. अनेक जण ९९९ रुपयांचा कोर्स काढून हजार विद्यार्थ्यांची वाट पाहतात. ज्याची माणसांशी आधीपासून ओळख नाही त्याला ते हजार मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यांच्या शंकांना उत्तर देणारा कोणी नसतो.

फी दोन हप्त्यांत घ्या. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत ज्याला जमत नाही त्याचे पूर्ण पैसे कुरकुर न करता परत करा, आणि ही अट प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. जीएसटीच्या बाबतीत एक गोष्ट निसटते: सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की नोंदणी लागते, आणि ही उलाढाल एका पॅनवरची एकत्र धरली जाते. म्हणजे तुमची वेबसाइटची कामे आणि कोर्सची फी यांची बेरीज. नोंदणी झाली की अशा प्रशिक्षणावर १८ टक्के कर लागतो, तेव्हा त्या सीमेच्या जवळ असाल तर फी जाहीर करण्याआधी तुमच्या सीएशी बोला.

जाहिरातीत नोकरीची हमी देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोट्या हमीला आणि संमतीशिवाय विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो वापरण्याला त्यांत मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दागिना मोडून फी भरणाऱ्या आईला आपण काय सांगतो आहोत याची जबाबदारी आपल्यावर असते. मी फक्त एवढेच लिहिते: आठ आठवड्यांनंतर तुमची स्वतः बनवलेली एक वेबसाइट तुमच्या पत्त्यावर सुरू असेल आणि तिची प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता येईल.

चौथा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण तुमच्या मनात तो सर्वांत वर असावा. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. येणारे थांबले नाहीत. पूर्वी विचारायचे की पान कसे बनवायचे. आता पान बनवून घेऊन येतात आणि विचारतात की हे इंटरनेटवर कसे चढवायचे, फोन नंबर कुठे बदलायचा, मोबाइलवर अर्धेच का दिसते. एआयने दिलेला कोड वाचता येणे आणि तो कुठे बदलायचा हे कळणे, हेच आता शिकवण्याचे केंद्र आहे. मी पहिले तीन आठवडे सर्व हाताने लिहायला लावते आणि चौथ्या आठवड्यापासून एआय वापरू देते, कारण ज्याने स्वतः दहा पाने लिहिली आहेत त्यालाच अकराव्या पानातली चूक दिसते.

आणि काही गोष्टी कोणतेही यंत्र विद्यार्थ्याच्या वतीने सांभाळत नाही. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याची वेबसाइट पाच वर्षे चालली आणि एका सकाळी बंद झाली. डोमेन त्यांच्या नावावर नव्हतेच. ज्याने वेबसाइट करून दिली त्याने ते स्वतःच्या खात्यात घेतले होते, नूतनीकरणाचे ईमेल त्याच्याकडे जात होते आणि त्याने गाव सोडले होते. व्यापारी माझ्याकडे आले तेव्हा मुदत उलटून आठवडे झाले होते. दंडाची रक्कम भरून डोमेन परत मिळण्याचा जो काळ असतो त्याचे शेवटचे काही दिवस उरले होते, आणि त्या जुन्या डेव्हलपरचा फोन लागेपर्यंत ते गेले. पाच वर्षे प्रत्येक बिलावर आणि थैलीवर छापलेला पत्ता हातचा गेला. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, मुदत कॅलेंडरमध्ये लिहिलेली: याला मी एक पूर्ण वर्ग देते, आणि तुम्हीही द्यावा अशी आग्रहाची विनंती आहे. तुमचे विद्यार्थी उद्या इतरांच्या वेबसाइट बनवतील. त्यांनी ग्राहकाचे डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्यावे हे त्यांच्या अंगवळणी पडले पाहिजे.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. येत्या एखाद्या शनिवारी ओळखीतले पाच जण बोलवा, घरीच, विनामूल्य, दोन तासांसाठी. प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणावा. उद्देश एवढाच की दोन तासांनी प्रत्येकाचे एक पान, त्याच्या नावासह, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडावे. तुम्ही शिकवत असताना घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून वही लिहायला सांगा: कोण कुठे थांबले, किती वाजता, आणि सुटायला किती मिनिटे लागली. तुम्ही स्वतः लिहायला जाऊ नका; शिकवताना आपल्याला अडलेली सगळीच माणसे दिसत नाहीत, हे मला दहा वर्षांनी कळले. पाचांपैकी तिघे एकाच जागी थांबले तर तुमचा पहिला धडा तिथून सुरू होतो. ती पाने झाली की मला इथेच कळवा. पहिल्या आठवड्याचा क्रम लावायला मी मदत करीन.